निळ्यावर अडकलेला काटा

मी ओलावा मोजणारा मीटर बोलतोय. विजेचा नव्हे, कुंडीतल्या मातीत खुपसायचा. वीतभर लांबीच्या दोन सळ्या, एक तांबूस आणि एक पांढरट, आणि वर हिरव्या प्लॅस्टिकचं डोकं. त्या डोक्यात एक काटा. माती कोरडी असली की काटा लाल पट्टीवर राहतो, बेताची ओली असली की हिरव्या पट्टीवर येतो आणि चिखल झाला असला की निळ्या पट्टीवर जाऊन टेकतो. मला सेल लागत नाही, चार्जिंग लागत नाही. त्यामुळे सुरुवातीला माझ्या अंगात जरा मिजास होती, हे कबूल करतो.

जन्म कुठल्याशा कारखान्यात झाला, एवढंच ठाऊक आहे. खोकं उघडल्यावर पहिलं तोंड दिसलं ते क्रांतीचं. कोल्हापुरात, शाहूपुरीतल्या एका इमारतीत तिसऱ्या मजल्यावर ती सासू-सासऱ्यांसोबत राहते. नवरा फिरतीच्या नोकरीवर, ती स्वतः ऑफिसला जाणारी. मी चालतो का हे बघायला तिनं मला थेट पाण्याच्या पेल्यात बुडवलं. तसं करू नका, असं सोबतच्या कागदावर लिहिलं होतं. काम झालं की मातीतून काढा, पुसून ठेवा, मातीत रोवून ठेवू नका, हेही लिहिलं होतं. पण तो कागद वाचणारा माणूस मला अजून भेटलेला नाही.

मला आणलं होतं ते तिच्या सासऱ्यांसाठी. गणपतराव त्यांचं नाव. गारगोटीकडच्या एका गावात, नदीकाठच्या पाणीपुरवठा संस्थेत ते तीस वर्षं पाटकरी होते. पाटकरी म्हणजे उसाला पाणी वाटून देणारा माणूस. कुणाच्या रानाचा नंबर आज, कुणाचा उद्या, ते तो ठरवणार आणि पाटाची दारं उघडणार. गणपतराव शेतकऱ्याच्या शब्दावर पाणी सोडत नसत. रानात स्वतः जात, काठी जमिनीत खुपसत, टोकाला लागलेली माती अंगठ्यानं चोळत आणि मगच हो किंवा नाही म्हणत. संध्याकाळी नंबर जिथवर आला असेल तिथं बांधावर ती काठी रोवून ठेवत. सकाळी काठीपासून पुढं पाणी सुरू. तीस वर्षांत त्या काठीवरून कधी भांडण झालं नाही, असं त्यांची बायको बनाबाई अजून कौतुकानं सांगते.

आता त्यांच्या वाट्याला बाल्कनीतल्या चौदा कुंड्या आल्या होत्या आणि हातात एक झारी. त्यांची खरी अडचण म्हणजे त्यांना आत्ताचं आठवत नसे. चाळीस वर्षांपूर्वी कुणाच्या रानात किती वाजता पाणी पोचलं ते सांगतील, पण मघाशी जास्वंदीला पाणी घातलं की नाही ते सांगता येणार नाही. मग ते पुन्हा घालत. थोड्या वेळानं परत. कढीपत्ता मुळातून कुजून गेला. खालच्या मजल्यावर शिवगंगाकाकूंनी उन्हात सांडगे वाळत घातले होते, त्यांच्यावर वरून धार लागली. काकू भांडल्या नाहीत. मऊ पडलेल्या सांडग्यांचं ताट घेऊन वर आल्या, बनाबाईच्या पुढं धरलं आणि तशाच खाली गेल्या. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

त्या दिवशी बनाबाई सुनेला म्हणाली की ती झारी माळ्यावर टाक. क्रांतीला ते पटलं नाही. दिवसभर हाताला काही काम नसलेला माणूस तिनं आपल्या माहेरी बघितला होता, आणि तो किती भरभर विझला तेही. झारी गेली तर मामांचं काय उरेल, असं तिनं सासूला विचारलं. आठ दिवसांनी मी आलो.

"मामा, पाणी घालायच्या आधी ह्याला विचारायचं," क्रांतीनं त्यांना शिकवलं. "काटा लालवर असला तरच घालायचं."

गणपतरावांनी मला उलटसुलट करून बघितलं. "म्हंजे ह्यो नवा पाटकरी म्हणायचा की."

पुढचे पाच महिने माझ्या आयुष्यातले सोन्याचे. गणपतराव झारी घेऊन दिवसातून पाच वेळा बाल्कनीत यायचे. प्रत्येक कुंडीत मला हलक्या हातानं रोवायचे, वाकून काटा बघायचे. काटा हिरव्यावर असला की, "नंबर न्हाय," म्हणून पुढच्या कुंडीकडं. लाल दिसला की चेहरा उजळायचा. मग मला धोतराच्या सोग्यानं पुसून फळीवर ठेवायचे. पाच वेळा आले तरी एकदाच पाणी पडायचं. मोगऱ्याला कळ्या धरल्या. शिवगंगाकाकूंनी नव्या सांडग्यांतले वाटीभर वर आणून दिले. मी एका माणसाची आठवण झालो होतो, आणि असं काम मिळालं म्हणून मी आजही मनातून त्या घराचे आभार मानतो.

एप्रिलमध्ये घात झाला. फळीवर फडकं मारताना मी बनाबाईच्या हातून निसटलो आणि फरशीवर डोक्यावर पडलो. तिनं मला उचलून परत जागेवर ठेवलं. बाहेरून काही फुटलं नव्हतं, म्हणून ती कामाला लागली. आत मात्र काटा सरकून निळ्या पट्टीवर जाऊन बसला तो बसलाच. मी जोर लावला, पण आमच्यासारख्यांचा जोर तो किती.

दुसऱ्या दिवशी गणपतरावांनी मला मोगऱ्यात रोवलं. निळा. जास्वंदीत रोवलं. निळा. चौदाच्या चौदा कुंड्यांत निळा. "कुणाचाच नंबर न्हाय आज," म्हणाले आणि भरलेली झारी तशीच खाली ठेवली. त्यांनी माझ्यावर विश्वास टाकला होता आणि मी बाल्कनीभर खोटं बोलत होतो. ऊन असं की फरशीवर पाय ठरत नव्हता. तीन दिवस एकाही कुंडीत थेंब पडला नाही.

चौथ्या दिवशी संध्याकाळी क्रांती ऑफिसातून आली तेव्हा जास्वंदीनं माना टाकल्या होत्या. बनाबाईनं गावाकडून फांदी आणून लावलेली ती जास्वंद. क्रांतीनं मला तिच्या कुंडीत खुपसलं आणि काटा निळ्याच्या टोकाला बघून तिचा चेहरा पडला. पाणी जास्त झालं तरी झाड अशाच माना टाकतं, हे तिला कढीपत्त्यापासून ठाऊक होतं.

"मामा, परत घातलंत का पाणी?"

"न्हाय," गणपतराव म्हणाले. "तीन दिस घातलंच न्हाय."

खरं होतं ते. शब्दन् शब्द खरं होतं आणि घरात ते जाणणारा मी एकटा. बनाबाई आतून म्हणाली की यांना सकाळचा चहा आठवत नाही, तीन दिवसांचं कुठलं आठवायला. क्रांती नुसती काट्याकडं बघत राहिली. गणपतरावांनी तिच्याकडं बघितलं, मग माझ्याकडं, आणि त्यांचा आवाज खाली आला.

"घातलं आसंल. माझ्या ध्यानात ऱ्हात न्हाय." त्यांनी झारी उचलून स्वतःच तिच्या हातात दिली. "ठेव ही कुठंतरी."

मला तोंड असतं तर त्या वेळी बोललो असतो. आयुष्यात तेवढं एकदाच मी देवाकडं तोंड मागितलं.

सकाळी ते सवयीनं बाल्कनीत आले. हात रिकामे. इकडून तिकडं दोन फेऱ्या मारल्या आणि जास्वंदीपाशी थांबले. मी रात्रभर तिच्याच कुंडीत होतो. त्यांनी मला उपसलं. काट्याकडं बघितलंच नाही. माझ्या सळ्यांच्या टोकाला लागलेली माती अंगठ्यानं चोळली. तिचा फुफाटा उडाला. त्यांनी पुन्हा चोळून बघितलं. मग कुंडीत बोटं घालून खोलवरची माती तळहातावर घेतली आणि आत क्रांतीपुढं जाऊन उभे राहिले.

"क्रांती, ह्यात पाणी कुठं हाय, दाव मला."

तिनं मातीला हात लावला. मग त्यांच्या दुसऱ्या हातातून मला घेतलं, फडक्यानं पुसलं आणि हवेत धरलं. काटा निळ्यावर. कोरड्या हवेतसुद्धा निळ्यावर. तिनं मला टेबलावर ठेवलं आणि सासऱ्यांचा मातीनं भरलेला हात आपल्या दोन्ही हातांत धरला. डोळ्यांतलं पाणी पुसायलाही तिनं तो सोडला नाही.

बनाबाई दारात उभी होती. "चार-पाच दिसांमागं फडकं मारताना माझ्याच हातनं पडलतं ते," ती म्हणाली. मग आत गेली, झारी नळाखाली भरली आणि नवऱ्याच्या हातात दिली. चूक झाली असं ती तोंडानं म्हणाली नाही. पण भरलेली झारी तिनं स्वतः आणून दिल्याचं मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

जास्वंद दुपारपर्यंत सावरली. आता माझी रवानगी कचऱ्यात, हे मी मनाशी धरून बसलो होतो. क्रांतीनं तसं म्हणूनही बघितलं, नवा मागवते म्हणाली.

"टाकू नगंस त्याला," गणपतराव म्हणाले. "पडल्यावर माणूस बी आसंच एका जागी अडकून बसतंय. म्हणून काय टाकत्यात व्हय?"

नवा आलाच. फळीवर असतो. तरणा आहे, काटा सपासप हलतो, आणि थोडी मिजासही आहे. पाणी घालायच्या आधी गणपतराव त्याला विचारतात, वर बोटानंही बघतात; एकाच्याच शब्दावर पाणी सोडायचं नाही, हा त्यांचा जुना नेम परत आला आहे. मला मात्र त्यांनी दुसरं काम दिलं. कुणी सांगितलं नव्हतं, त्यांच्या हातांनाच ते आठवलं. ज्या कुंडीला शेवटचं पाणी दिलं तिच्यात ते मला रोवून ठेवतात. बांधावर ती काठी रोवायचे, तसं. पुन्हा झारी घेऊन आले की आधी मला शोधतात, आणि नंबर कुठवर आला ते त्यांना कळतं.

दिवसरात्र मातीत राहून माझ्या सळ्या गंजत चालल्या आहेत. त्या कागदावर बजावलं होतं तेच झालं. फार दिवस काढेन असं वाटत नाही, आणि त्याची खंतही नाही. तुमच्या घरी माझा कुणी भाऊबंद असेल तर त्याला जरूर पुसून ठेवा. आणि पुन्हा पुन्हा विसरणारं एखादं माणूस असेल तर त्याच्या हातातली झारी काढून घेण्याआधी एकदा मातीत बोट घाला. आम्ही काटेही पडतो, अडकतो.

आज मी मोगऱ्यात उभा आहे. आताच पाणी पडलंय, सळ्यांना गार लागतंय. काटा निळ्यावरच आहे. पण ज्या कुंडीत मला रोवतात तिला नुकतंच पाणी दिलेलं असतं, त्यामुळे हल्ली माझं सांगणं कधीच चुकत नाही. खोटं पडण्याची सोयच गणपतरावांनी ठेवलेली नाही.