अठ्ठावीस की चौऱ्याऐंशी

आमच्या गल्लीत कुणी कुणाला आजार विचारत नाही. 'तुमचं अठ्ठावीस की चौऱ्याऐंशी?' एवढंच विचारतात, त्यात सगळं येतं.

कोलकात्याच्या बायपासवर मोठमोठी हॉस्पिटलं आहेत, त्यांच्या पाठीमागची ही गल्ली. घरं कमी, गेस्ट हाऊस जास्त. उतरणारे बहुतेक बांगलादेशचे. एक आजारी, एक सोबतीला, आणि रिपोर्टांनी फुगलेली पिशवी. सीमा ओलांडली की त्यांचे फोन मुके होतात, मग ते माझ्या दुकानात येतात. मी शेफाली घोरुई. पासपोर्ट आणि व्हिसाची झेरॉक्स काढते, फोटो घेते, सिम सुरू करून देते आणि वर रिचार्जचा पॅक मारून देते. अठ्ठावीस दिवसांचा नाहीतर चौऱ्याऐंशी दिवसांचा.

तपासण्या करायला आलेला माणूस अठ्ठावीसचा घेतो. रिपोर्ट आले, डॉक्टर म्हणाले उपचार सुरू करू, की तोच माणूस परत येऊन चौऱ्याऐंशीचा मारून घेतो. इथे औषध दर एकवीस दिवसांनी चढवतात आणि चार खेपांचे बरोबर चौऱ्याऐंशी दिवस होतात. कंपनीने हे मनात धरून पॅक काढलेला नाही, पण गल्लीने त्याचा तसा अर्थ लावलाय. ज्यांना डॉक्टर सांगतात, आता घरी घेऊन जा, ते कुठलाच पॅक मारत नाहीत. ते माझ्याकडे येतच नाहीत, सरळ बसच्या तिकिटाला जातात. म्हणून गेस्ट हाऊसच्या बायका एकमेकींना आकडा विचारतात आणि चौऱ्याऐंशी ऐकलं की हात धरतात.

इद्रिस मास्तर आले ते थंडी सरत असताना. गाव स्वरूपकाठी, बांगलादेशात पेरूंसाठी नावाजलेलं; शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेले. सोबत त्यांची बायको मोमेना. तिच्या पोटात गाठ होती. गेस्ट हाऊसपासून माझ्या दुकानापर्यंत वीस पावलंसुद्धा नाहीत, पण बाई आली ती माझ्या स्टुलावर बसून नुसती धापा टाकत राहिली. आणि मास्तरांनी अर्धा तास माझं डोकं खाल्लं.

"दीदी, आमचंच सिम रोमिंगवर ठेवलं तर?"

"ठेवा की. घरी दोनदा फोन केलात की गावची जमीन विकायला काढा."

"गेस्ट हाऊसचं वायफाय आहे ना पण?"

"आहे. तिसऱ्या मजल्यावर जिन्यात भिंतीला चिकटून उभं राहिलात तर येतं."

मास्तरांनी बायकोकडे बघितलं. "जिना नको," ते म्हणाले. मग खिशातून बोटभर पेन्सिल काढली आणि माझ्याच बिलाच्या पाठीमागे भागाकार सुरू केला. रोजचा डेटा किती, अर्धा तास व्हिडिओवर बोललं तर किती जातो, मग उरतो किती.

"आणि उरलेला दुसऱ्या दिवशी मिळतो?"

"नाही. रात्री बारा वाजता जातो."

"कुठे जातो?"

"मला काय विचारता, मास्तर? माझ्या घरी तर येत नाही."

मोमेना हसली. धाप लागली होती तरी हसली. "दीदी, तू यांना उत्तरं देऊ नकोस, एका उत्तरातून दोन प्रश्न निघतात. आमच्या लग्नात सोनाराला यांनी बांगड्यांचा हिशेब तीनदा करायला लावला होता. वरात खोळंबली होती."

मी म्हटलं, "मास्तर, चौऱ्याऐंशीचा घ्या, दिवसाला स्वस्त पडतो." तर म्हणाले, "जे दिवस लागणार की नाही माहीत नाही, ते आधी विकत का घ्यायचे?" आणि अठ्ठावीसचा मारून गेले. मी मनात म्हटलं, काय चिक्कू माणूस आहे.

त्यानंतर मास्तर तपासण्यांच्या रांगेत आणि मोमेना माझ्या स्टुलावर, असं रोजचंच झालं. मी तिला भाबी म्हणायची, ती मला दोन दिवसांतच नुसतं शेफाली म्हणायला लागली. मी कौतुकाने पेरू कापून दिला तर एक फोड तोंडात टाकून म्हणाली, "याला पेरू म्हणता तुम्ही? आमच्याकडे असला बकरीलाही देत नाहीत." आणि उरलेला सगळा संपवला. तिच्या मुलीला, लुबनाला, दिवस गेले होते. पहिलं बाळंतपण. दुपारी ती लुबनाला फोन लावायची आणि बोलता बोलता हात शिवत राहायचे. जुन्या साड्यांचे पदर एकावर एक घालून बाळासाठी गोधडी. टाके इतके बारीक की मला चष्मा लावूनही धड दिसायचे नाहीत.

रिपोर्टच्या दिवशी सकाळी ती एकटी आली. गोधडी मांडीवर पसरली, पण सुई हातातच राहिली.

"शेफाली, एक काम करशील? मास्तर आज डॉक्टरांकडे एकटेच गेलेत. मला नेलं नाही. मला ते खरं सांगणार नाहीत."

"असं कसं? सांगतील की."

"नाही सांगणार. पण तुझ्याकडे येतील. ते कुठला पॅक मारतात तेवढं मला सांग. फोनवरचा संदेश इंग्रजीत येतो, त्याचा अर्थ तेच सांगणार. तू मात्र खरं सांग."

"कळून काय करायचंय, भाबी?"

तिने गोधडी माझ्यापुढे धरली. निम्मीसुद्धा झाली नव्हती. "टाका बारीक घालू की मोठा, ते ठरवायचंय. असाच बारीक घालत बसले आणि अर्धवट राहिली तर लुबना ती जन्मभर अशीच उशाशी घेऊन बसेल. अर्धी गोधडी ठेवून जायचं नाही मला."

मी सांगते म्हटलं.

अकराच्या सुमाराला मास्तर आले. काउंटरवर फोन ठेवला आणि म्हणाले, "चौऱ्याऐंशीचा मारा."

माझा जीव भांड्यात पडला. माणूस नेहमीसारखा नव्हता हे मला दिसलं होतं, पण मी म्हटलं, धावपळ झाली असेल. वर मी आपण होऊन सांगायला गेले, "मास्तर, त्यातच दुसरा एक आलाय, रोजचा डेटा जास्त आहे, दोन्ही सांगते, तुम्ही भागाकार करून बघा."

"कुठलाही मारा," मास्तर म्हणाले.

मारला. फोनवर संदेश आला. तो त्यांनी वाचला, परत वाचला, पैसे ठेवले आणि गेले. छत्री माझ्या काउंटरला अडकवलेली तशीच राहिली.

दुपारी मोमेना आली ती दाराची चौकट धरूनच उभी राहिली. मी ती बसायच्या आत सांगून टाकलं. "चौऱ्याऐंशी, भाबी."

तिने डोळे मिटले. ओठ हलत होते. मग स्टुलावर बसली आणि म्हणाली, "चहा मागव. आज मी पाजते." तिचा चेहरा असा झाला होता की मला वाटलं, हा चेहरा मास्तरांनी लग्नात बघितला असेल. सुईत दोरा ओवून तिने बारीक टाका घातला, दुसरा घातला.

तिथे मी गप्प बसायला हवं होतं. पण माझ्या तोंडात तीळ भिजत नाही. मला आनंद झाला होता आणि आनंदात मी जास्तच बडबडते. मी म्हटलं, "आणि तुमच्या मास्तरांनी आज कमाल केली. एक प्रश्न विचारला नाही बघा. मी सांगायला गेले, दोन पॅक आहेत, तर म्हणाले कुठलाही मारा. पेन्सिलसुद्धा काढली नाही खिशातून. मी म्हटलं, सुधारला बाई हा माणूस."

सुई थांबली.

"पेन्सिल काढली नाही?"

"नाही ना."

"उरलेल्या डेटाचं विचारलं नाही?"

"काहीच नाही. छत्रीसुद्धा विसरून गेले, ती बघा."

ती छत्रीकडे बघत राहिली. कपातल्या चहावर साय धरली तरी बघत राहिली. मग अगदी साध्या आवाजात म्हणाली, "चाळीस वर्षं झाली, शेफाली. या माणसाने न विचारता कोथिंबिरीची जुडी घेतलेली नाही. हा पॅक त्यांनी वापरायला नाही घेतला. मला दाखवायला घेतलाय."

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ही जीभ हासडून कुणाच्यातरी हातात द्यावी असं वाटलं. मी काउंटरच्या आतून बाहेर आले, तिचे पाय धरायला वाकले, आणि मला हुंदकाच फुटला. तिनेच माझ्या पाठीवर हात फिरवला.

"उठ. दुकानात गिऱ्हाईक येईल."

"मी कशाला बोलले, भाबी? कशाला बोलले मी?"

"मीच तुला सांगितलं होतं खरं सांग म्हणून. तू सांगितलंस." तिने मला हाताला धरून उठवलं. "फक्त मास्तरांना कळू देऊ नकोस, मला कळलंय ते. जन्मात खोटं बोलला नाही तो माणूस. एकदाच बोललाय, तेसुद्धा किती अवघड खोटं. ते मी पकडलं असं कळलं तर कोसळतील ते."

मग तिने गोधडी उचलली. आताच घातलेले ते दोन बारीक टाके तसेच ठेवले आणि पुढचा टाका घातला, चांगला बोटभर लांब.

दोन दिवसांनी ते निघाले. मास्तर सांगायला आले ते माझ्याकडे न बघताच बोलत होते. "डॉक्टर म्हणाले, पंधरा दिवस घरी विश्रांती घ्या, ताकद येऊ द्या, मग औषध चढवू. परत यायचंच आहे."

"परत यायचंच आहे," मोमेना म्हणाली. "पण अहो, हे सिम तर सीमेपलीकडे चालणार नाही. एवढे दिवस भरलेत, पॅक फुकट जाईल. शेफालीकडे ठेवू या ना. आलो की घेऊ." आणि माझ्याकडे बघून हसली. मास्तरांनी फोन उघडून सिम काढलं. ते माझ्यापुढे काउंटरवर ठेवलं. बाहेर रिक्षा उभी होती, तिच्यात बसताना मोमेनाने पिशवीतली गोधडी एकदा चाचपून बघितली.

ते सिम मी एका जुन्या फोनात घालून काउंटरच्या खणात ठेवलं. चार्ज करत राहिले, का ते विचारू नका. रोजचा डेटा रोज रात्री न वापरता जात होता. गल्लीत नवी माणसं येत होती, आकडे विचारत होती. मी पॅक मारून देत होते आणि पॅकबद्दल एक शब्दही जास्त बोलत नव्हते. शेजारचा औषधवाला म्हणाला, "शेफालीदी, तब्येत बरी आहे ना? आवाज नाही तुमचा."

एके दिवशी दुपारी माझ्या दुकानाच्या नंबरावर बांगलादेशातून फोन आला. त्या खणातल्या पॅकचे सव्वीस दिवस शिल्लक होते.

"दीदी, मी इद्रिस. ओळखलंत?" परदेशी फोनला मिनिटाला किती पडतात, असलं काही मास्तरांनी विचारलं नाही. "मोमेना गेली. आज बारा दिवस झाले. काल लुबनाला मुलगी झाली."

मी खण उघडून तो जुना फोन हातात घेतला. मास्तरच बोलत राहिले.

"तुम्हाला सांगायचं राहिलं होतं, दीदी. तो पॅक मी मुद्दाम घेतला होता. डॉक्टरांनी तेव्हाच हात टेकले होते. पण तुमच्या गल्लीत चौऱ्याऐंशी म्हणजे काय ते तिला माहीत होतं ना. तिने विश्वास ठेवला. रोज सकाळी विचारायची, किती दिवस उरले? मी वजाबाकी करून सांगायचो, सत्तावन्न. छप्पन्न. ती म्हणायची, पुष्कळ आहेत की. शेवटच्या दिवशीसुद्धा विचारलं. तिला काही कळलं नाही, दीदी, तेवढं एक समाधान आहे मला."

"हो, मास्तर."

"गोधडी पुरी केली तिने. जाण्याच्या आदल्या दिवशी गाठ मारून दोरा तोडला. नात तिच्यातच निजलीय आता." मग ते थांबले. बोलणं संपलं असं मला वाटलं, पण फोन ठेवला नव्हता. "एक विचारू? तुमच्या दुकानात बसून ती शिवायची म्हणून विचारतो. अर्धी गोधडी काय सुरेख आहे, टाका न् टाका मोजून घ्यावा. आणि पुढे एकदम मोठे मोठे टाके, पोरीबाळींनी घातल्यासारखे. मी रात्रभर बघत बसलो होतो. तिला दिसेनासं झालं होतं का हो? मला कधी बोलली नाही. बोलली असती तर चष्मा करून दिला असता."

खणातला फोन माझ्या हातात होता. तो मी परत आत ठेवला.

"हो, मास्तर," मी म्हटलं. "डोळ्यांचंच झालं होतं."