गेलं म्हणायचं

"धर घट्ट. हलू देऊ नगंस. मेंढी वरडत न्हाय बघ, तू कशाला रडतीस?"

हा आवाज सुकन्याच्या बापाचा, तात्याबाचा. ती तेव्हा सात वर्षांची होती. सांगोल्याकडच्या माळावर मेंढरं बसली होती. एक मेंढी पुढच्या पायानं लंगडत होती आणि तात्याबा चुलीतली लाल सळई घेऊन आला होता. सुकन्यानं मेंढीची मान काखेत धरली. सळई गुडघ्याला टेकली, लोकर जळल्याचा वास आला, मेंढीच्या अंगातली थरथर पोरीच्या अंगात उतरली. दुसऱ्या दिवशी मेंढी कळपाबरोबर चालली. तात्याबा म्हणाला, "गेलं तिचं दुखनं." मेंढी काही म्हणाली नाही.

सुकन्या आता अडतीस वर्षांची. जुळे सोलापूरच्या मागच्या अंगाला दोन खोल्यांत राहते. नवरा बिरुदेव रिक्षा चालवतो, सासू मायाक्का घरात असते, मुलगी आरोही नववीत आहे. सुकन्या दाक्षायणीबाईंच्या भाकरी केंद्रात ज्वारीच्या भाकरी थापते. पातळ थापायच्या, भाजायच्या, कडक होईपर्यंत वाळवायच्या. फ्लॅटमधली माणसं त्या डब्यात भरून पुण्याला लेकरांना पाठवतात.

चार वर्षांपूर्वी एका सकाळी तिची डाव्या हाताची मूठ मिटेना. मग मनगट. पीठ मळताना आत कुणी खिळा फिरवावा तसं व्हायचं. पुढं दुखणं गुडघ्यात गेलं, घोट्यात गेलं, परत मनगटात आलं. माहेरवाशिणीनं सगळ्या भावांच्या घरी दोन-दोन दिवस राहावं, तसं. सूज नाही, लाली नाही, ताप नाही. हात पुढं केला तर तो नुसता हातच दिसायचा.

तीन डॉक्टर झाले. रक्त काढलं, फोटो काढले, गोळ्या झाल्या. प्रत्येक वेळी रिपोर्ट चांगला यायचा आणि प्रत्येक चांगल्या रिपोर्टनं तिची घरातली पत एक पायरी खाली यायची.

"कागुद म्हंतोय काय न्हाय," मायाक्का म्हणायची. "तू म्हंतीस हाय. आता कुनाचं खरं धरायचं?"

"दोन्ही खरं असंल, आत्या."

"दाक्षायणीच्या भाकरी थापाय हात चालत्यात. घरची गोधडी पिळायची म्हटलं की दुखत्यात. दुखनं बी पगारी हाय जनू."

बिरुदेव टोमणे मारत नव्हता. तो नुसता गप्प व्हायचा, आणि ती गप्प बसण्याची तऱ्हा तिला टोमण्याहून जास्त लागायची. तव्यासमोर बसल्यावर ती मनातल्या मनात ओव्या जुळवायची, आईकडून आलेली सवय. एक ओवी तिच्या ओठावर बसली होती:

हाड गं बोलं हाडा, मास ऐकतं शेजारी
माझ्या दुखन्याचं नाव कुन्या गावाच्या बाजारी

तिसरी डॉक्टरीण तरुण होती. तिनं सगळे कागद दोनदा पाहिले, बोटं एकेक दाबून पाहिली आणि म्हणाली, "मला कळत नाहीये, मावशी. पण तुम्हाला दुखतंय, हे खरं आहे. दर तीन महिन्यांनी या. कधीकधी हे उशिरा उघडं पडतं." सुकन्या बाहेरच्या बाकावर बसून रडली. चार वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी तिचं खरं धरलं होतं.

घरी बिरुदेव म्हणाला, "कळत न्हाय म्हनायला डॉक्टर कशाला पायजे? ते मी बी म्हनतो की."

मग तिला निंगप्पाकडं नेलं. निंगप्पा मायाक्काच्या मावशीचा मुलगा, मंगळवेढ्याच्या पुढं एका वाडीत राहायचा. मेंढरांना तापल्या सळईचा डाग द्यायचा तसा माणसांनाही द्यायचा. म्हातारा मऊ बोलायचा. "कुटं, बाळा?" म्हणाला. तिनं दोन्ही मनगटं दाखवली, गुडघे दाखवले, घोटे दाखवले. सहा डाग बसले. ती ओरडली नाही. प्रत्येक डागावर हळदीचं बोट टेकवत निंगप्पानं नेम सांगितला:

"आता सव्वा म्हयना 'दुखतंय' हा शब्द काडायचा न्हाय. कुनी इचारलं तर 'गेलं' म्हनायचं. 'गेलं न्हाय' म्हटलं की दुखनं माघारी वळतं. ध्यानात ऱ्हाईल?"

"व्हय," सुकन्या म्हणाली.

परतीच्या वाटेवर रिक्षा खड्ड्यात आदळली तेव्हा गुडघ्यातून कळ मस्तकात गेली. मायाक्कानं विचारलं, "कसं वाटतंय?"

"गेलं, आत्या."

घर बदललं. दुसऱ्या दिवशी मायाक्कानं स्वतः चहा करून तिच्या हातात दिला, लग्नाला सोळा वर्षं झाल्यावर. कप दोन्ही तळव्यांत धरावा लागला. मायाक्काला वाटलं, सून ऊब घेतेय. बिरुदेव संध्याकाळी अबोलीचा गजरा घेऊन आला आणि आरोहीसमोर लाजला. दाक्षायणीबाईंनी कानडी हेल काढून विचारलं, "काय गं, कसं हाय?" ती म्हणाली, "गेलं." म्हणताना तिला कळत होतं, की नळाची चावी कोपरानं फिरवावी लागते. आंघोळीला बसलं की भिंत धरून उठावं लागतं. वेणीचे पेड घालायला बोटं वळत नाहीत, म्हणून आता अंबाडा.

सव्वा महिना संपायच्या दिवशी सांगायचं, असं तिनं ठरवलं होतं. त्या दिवशी मायाक्कानं पुरण शिजवलं. तिच्या पानात पहिली पोळी वाढली आणि पाठीवरून हात फिरवत म्हणाली, "पोरी, मी लई टाकून बोलले तुला." सुकन्यानं पोळी मोडली. मोडायलाही दोन्ही हात लागले. नंतर सांगू, असं तिनं मनाशी म्हटलं.

गल्लीतले महिपतीमामा शाळेत शिपाई होते, आता घरी असतात. त्यांचा गुडघा वर्षानुवर्षं धरलेला. मायाक्कानं त्यांच्या मागं निंगप्पाकडं जायचा लकडा लावला. म्हातारा सावध, आधी सुकन्याच्या दारात आला. चप्पल न काढता उंबऱ्याबाहेर उभा राहिला.

"सूनबाई, खरं सांग. मला साखर हाय, उगं भाजून घ्यायचं न्हाय. तुझं गेलं?"

मागं मायाक्का शेंगा निवडत बसली होती. सुकन्यानं एकदा सासूकडं पाहिलं.

"गेलं, मामा."

महिपतीमामांचा डाग चिघळला. साखरेच्या अंगाला जखम भरेना. गुडघ्याखालचं मांस खरवडून काढावं लागलं, तेवीस दिवस ते दवाखान्यात होते. परत आले ते वॉकर धरून. दारात बसतात, येणाऱ्या-जाणाऱ्याला हात करतात. सुकन्यालाही करतात. ती लांबच्या बोळानं जाऊ लागली.

मायाक्काचा विश्वास हलला नाही. "त्यानं नेम पाळला नसंल. दवाखान्यात दुखतंय दुखतंय करून बोंबलला असंल. मग माघारी वळनार न्हाय तर काय."

जानेवारीत आरोहीला शर्टाचं बटण लावता येईना. पहिल्या दिवशी ती हसली, "थंडीनं बोटं आखडली." आठव्या दिवशी हसली नाही. वहीतलं अक्षर मोठं आणि वाकडं होत गेलं. एका सकाळी वेणीची रिबीन हातात धरून ती तशीच उभी राहिली, आणि सुकन्यानं ती तिच्या हातातून काढून घेतली. दोघींचीही बोटं रिबिनीत अडखळली. दोघी एकमेकींकडं न बघता गाठ मारत राहिल्या.

सुकन्यानं तिला त्याच डॉक्टरणीकडं नेलं. रक्त घेतलं, फोटो काढला. रिपोर्ट चांगला आला. डॉक्टरीण म्हणाली, "पुण्याला दाखवू, मी चिठ्ठी देते." चिठ्ठी सुकन्यानं देवाच्या फळीवर ठेवली.

मायाक्कानं चिठ्ठीकडं पाहिलंसुद्धा नाही. "पोरगी लगनाची व्हायच्या आत निस्तरलं पायजे. आयतवारी निंगप्पाकडं जायचं. मी फोन केलाय. मनगटाला दोन आन् बोटांच्या मुळाला बारीक बारीक."

"ती ल्हान हाय, आत्या."

"ल्हान हाय म्हनूनच लवकर भरंल."

रविवारी सकाळी नऊला बिरुदेवनं रिक्षा दारात आणली. मायाक्कानं हळदीची पुडी पदराला बांधली. आरोही चौकटीत बसली होती, हात मांडीवर पालथे ठेवून. मनगटं गोरी, बारीक, अजून बांगड्यांची सवय नसलेली.

"चल गं," मायाक्का म्हणाली. "घाबरायचं काय त्यात? तुझी आई सहा डाग खाऊन आली, तोंडातनं शब्द काडला न्हाय. आता बघ कशी कामाला लागलीया."

"पप्पा, लई भाजतं का?"

बिरुदेव आरशाची धूळ पुसत राहिला. "इचार तुझ्या आईला."

आरोही वळली. "आई, भाजू दे. मला चालंल. फक्त एवढं सांग, तुझं गेलं ना?"

सुकन्या पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती. तिला वाटलं, अजूनही म्हणता येईल. एक शब्द, आणि घर आहे तसं राहील. चहाचा कप, पाठीवरचा हात, अबोलीचा गजरा. तिनं तांब्या खाली ठेवला. मनगट कळवळलं आणि पाणी उंबऱ्यावर सांडलं.

"न्हाय गेलं."

मायाक्का थांबली. "काय म्हनालीस?"

"माझं गेलं न्हाय, आत्या. रिक्षात तुमी इचारलं तवा बी दुखत हुतं. पुरन केलं त्या दिवशी बी."

"मग आत्ता बोललीस म्हनून माघारी वळलं आसंल. नेम मोडलास तू."

"माघारी वळाय ते गेलं कुटं हुतं?" सुकन्याचा आवाज वर गेला नाही. ती आरोहीच्या शेजारी, ओल्या उंबऱ्यावर बसली. बसताना तिनं कुणापासून लपवलं नाही. भिंत धरली, कण्हली, मग बसली. "एक दिस बी गेलं न्हाय. मी 'गेलं' म्हनत राहिले, कारन तुमी सगळी माझ्याशी बरी वागाय लागला हुता. आवो, ऐकताय न्हवं? रिक्षा बंद करा. पोरीला निंगप्पाकडं न्यायचं न्हाय, पुन्याला न्यायचं. आन् म्हयपतीमामांकडं मला आत्ताच्या आत्ता घिऊन चला. त्येंनी दारात उभं ऱ्हाऊन मला खरं इचारलं हुतं, आन् मी खोटं सांगितलं."