हाक ऐकू आली का?

मेहुण्याने जेवणाच्या टेबलाच्या साऱ्या खुर्च्या ओढून दोन रांगांत मांडल्या, पुढे एक स्टूल ठेवलं आणि म्हणाला,

"बसा भाऊजी. ही तुमची बस."

ड्रायव्हर स्टुलावर बसला. हात कुठे ठेवावेत ते न कळून त्याने ते मांडीवर ठेवले. स्वयंपाकघराच्या दारात उभी असलेली त्याची बायको हसली नाही. एरवी नवऱ्याची आणि धाकट्या भावाची एकत्र थट्टा करायची संधी तिने सोडली नसती.

उद्या डेपोत चौकशी होती. मेहुणा एका वकिलाकडे कारकून होता आणि वकिलापेक्षा आपल्यालाच कायदा जास्त कळतो असं त्याचं प्रामाणिक मत होतं. त्यामुळे आज घराचं कोर्ट झालं होतं.

"सांगा आता. काय झालं?"

ड्रायव्हरने सांगितलं. आठवडाभर तो हेच सांगत होता, आणि आता ते त्याला पाठ केल्यासारखं, म्हणून खोटंच वाटायला लागलं होतं. दुपारची फेरी. बस निम्मी रिकामी. केबिन काचेने बंद, कानाशी पंख्याची घरघर. स्टॉप आला तशी त्याने बस कडेला घेतली, दाराचं बटण दाबलं. लोक धक्काबुक्की करत उतरले. त्याला वाटलं, पुढची गाडी चुकेल म्हणून घाई असेल. त्याने दार लावलं. आरशात दिसलं, शेवटच्या माणसाची पिशवी दारात अडकली आहे. त्याने दार पुन्हा उघडलं. त्या माणसाने पिशवी सोडवली आणि आरशाकडे बघून हात वर केला, आभार मानतात तसा. बस निघाली. मग एक बाई येऊन केबिनच्या काचेवर दोन्ही हातांनी मारायला लागली, तेव्हा कुठे त्याने वळून बघितलं.

मागच्या बाजूला, खिडकीजवळ, नर्सिंग शिकणारी एक मुलगी होती. पिशवीवाल्या माणसाने तिला चाकूने भोसकलं होतं. ना ओळख, ना भांडण. तो दुसऱ्याच दिवशी सापडला. का मारलंस, असं विचारलं तर म्हणे, माहीत नाही.

कुणीतरी फुटपाथवरून काढलेला व्हिडिओ सगळ्या शहराने पाहिला होता. त्यात मुलगी नव्हती. लोक पळताना दिसत होते, दार लागताना दिसत होतं आणि मग ते पुन्हा उघडताना. आधी लोक म्हणाले, ड्रायव्हरने प्रसंगावधान राखलं, दार उघडून माणसं वाचवली. भाजीवाल्याने त्याला निवडून निवडून टोमॅटो दिले. मग तेच लोक म्हणाले, खुन्याला दार उघडून देणारा तो हाच. भाजीवाल्याने तराजूवरून मान वर केली नाही. युनियनवाले म्हणाले, तोंड उघडू नकोस. साहेब म्हणाले, सगळं खरं खरं सांग. जिन्यात भेटणाऱ्या शेजाऱ्यांना हसावं की मान फिरवावी हेच ठरवता येईना, आणि ते बिचारे आपापल्या पायांकडे बघत उतरायचे. ड्रायव्हरला त्यांचा राग येत नव्हता. आपण स्वतःला जिन्यात भेटलो असतो तर काय केलं असतं, हे त्यालाही सांगता आलं नसतं.

"पिशवी अडकली की दार उघडायचं," तो म्हणाला. "कुणीही उघडतो. हात आपोआप जातो."

"ते सोडा. मुद्दा एकच. हाक ऐकू आली का?"

"नाही."

"नक्की?"

"खरंच नाही आली रे."

"मग झालं तर. ऐकू आली आणि तरी बस तशीच पुढे नेली, तर तुम्ही गेलात. नाही आली, तर चूक काचेची, पंख्याची, ज्याने ते केबिन केलं त्याची. तुमची नोकरी या एका 'नाही'वर उभी आहे. उगाच फाटे फोडू नका." त्याने बहिणीकडे वळून बघितलं. "ताई, तू मागच्या खुर्चीत बस. भाऊजी, आत जा, दार लावा, पंखा मोठा करा. बघूच ऐकू येतं का."

ड्रायव्हर आत गेला. बायको खुर्चीत बसली.

"काय ओरडू?"

"वाचवा म्हण."

तिने तोंड उघडलं आणि मिटलं. "असं बसल्या जागी नाही येत रे."

"अगं, नाटकच तर आहे."

"अहो!" ती ओरडली. लग्नाला इतकी वर्षं झाली, संकटात तिच्या तोंडी दुसरा शब्द येईना.

खालच्या मजल्यावरच्या मुख्याध्यापक बाई धापा टाकत वर आल्या. "कोण ओरडलं? काय झालं?"

मेहुण्याने त्यांना प्रयोग समजावून सांगितला. बाईंनी खुर्च्यांकडे बघत मान हलवली. "मी असते ना त्या बसमध्ये, तर कॉलर धरली असती मेल्याची."

"बाई, परवा पाल निघाली तेव्हा मलाच बोलावलंत," मेहुणा म्हणाला.

"पालीचं वेगळं," बाई म्हणाल्या. मग त्यांचा आवाज खाली आला. "खरं सांगू? मला रात्री झोप नाही. मी काय केलं असतं, कुणास ठाऊक." आणि त्या आल्या तशा निघून गेल्या.

आतलं दार उघडलं. "ओरडली का?" ड्रायव्हरने विचारलं.

मेहुण्याने टाळी वाजवली. "बघ! खालच्या मजल्यावर ऐकू गेलं, यांना नाही!"

ड्रायव्हरला हायसं वाटायला हवं होतं. त्याला वाईट वाटलं. आपली बायको ओरडली आणि आपण ऐकलं नाही, यात टाळी वाजवण्यासारखं काय होतं, ते त्याला कळेना.

तेवढ्यात बेल वाजली. दारात इस्त्रीच्या शर्टातले, पन्नाशी उलटलेले गृहस्थ उभे होते. त्यांनी बूट काढावेत की नाही असं खाली बघितलं.

"मी त्या मुलीचा बाप," ते म्हणाले.

मेहुणा ड्रायव्हरच्या कानाशी लागला. "एक शब्द बोलू नका. उद्या अंगाशी येईल."

खुर्च्या हलवायचं कुणाला सुचलं नाही. ते गृहस्थ पहिल्या रांगेतल्या खुर्चीत बसले आणि ड्रायव्हर स्टुलावर, त्यांच्याकडे तोंड करून. बायको पाणी आणायला आत गेली.

"मी भांडायला आलो नाही. दार का उघडलंत, तेही विचारत नाही. लोक काय काय बोलतात, माझं डोकं चालेनासं झालंय. मला एकच सांगा. तिने हाक मारली का?"

ड्रायव्हरचं 'नाही' जिभेवर तयार होतं. ते खरं होतं, म्हणून निघायलाही सोपं होतं. पण मेहुणाच आधी बोलला.

"यांना काही ऐकू आलेलं नाही. काच बंद होती."

वडिलांनी मान हलवली. त्यांना जणू हेच अपेक्षित होतं.

"तेच म्हटलं मी. ज्याला ज्याला विचारलं, तो म्हणतो, आवाज नाही आला. लहानपणी फार मोठ्याने बोलायची हो. गल्लीच्या तोंडाशी आली की घरात कळायचं. मीच मागे लागून लागून सवय मोडली. बसमध्ये, चारचौघांत, मुलीच्या जातीला शोभत नाही, म्हणायचो. शहाणी होती, ऐकायची माझं." ते थांबले. "मारलीच नसणार तिने हाक. मीच सांगितलं होतं ना."

ते रडले नाहीत. हरवलेली वस्तू अखेर सापडावी, तसं ते शांतपणे बोलले, आणि ड्रायव्हरला त्या शांतपणाची भीती वाटली. त्याने प्रामाणिकपणे आठवून बघितलं. पंखा होता. काच होती. आरशात वर झालेला हात होता. बाकी काही नव्हतं.

"ओरडली," तो म्हणाला.

"भाऊजी!"

"मोठ्याने ओरडली. काचेतून आत आली हाक. मी ऐकली."

वडिलांनी त्याच्याकडे बघितलं. "मोठ्याने?"

"खूप मोठ्याने. काका, तिने काही कमी केलं नाही."

वडिलांचे ओठ हलत होते. मग त्यांच्या चेहऱ्यावर रक्त चढलं, आणि घरात आल्यापासून पहिल्यांदाच त्यांचा आवाज वाढला.

"मग तुम्ही थांबला का नाहीत?"

ड्रायव्हरने याचा विचार केला नव्हता. "घाबरलो," तो म्हणाला.

वडील उठून उभे राहिले. त्यांच्या मुठी वळल्या होत्या, पण खांदे मघासारखे पडलेले नव्हते.

"उद्या चौकशीला तिची आई येणार आहे. तिच्यासमोर हे सांगाल?"

मेहुणा मध्ये काही बोलू लागला. ड्रायव्हरने त्याच्याकडे नाही, बायकोकडे बघितलं. ती पाण्याचा ग्लास घेऊन दारात उभी होती, आणि तिने सगळं ऐकलं होतं. ती पुढे आली, तिने वडिलांची वळलेली मूठ हळूच उघडून त्यात ग्लास दिला.

"सांगतील," ती म्हणाली.