ससलुं

"काय व्हयनं, फुलवंतामाय? पोर का पोरगी?"

जसोदानं पुन्हा विचारलं, तरी सुईण बोलेना. बाळ रडत होतं, म्हणजे जिवंत होतं. मग त्याला खिडकीच्या उजेडात धरून फुलवंताबाई अशी गप्प का?

उत्तर सासूनं दिलं. अनुसयाबाई वाकल्या, पाहिलं आणि त्यांनी पदर तोंडाला लावला. "पोरगी शे. ससलुं शे."

बाळाचा वरचा ओठ पार नाकापर्यंत दुभंगलेला होता.

जसोदानं उजवा हात पदराखाली लपवला. तापीकाठच्या त्या गुजरांच्या घरात गरोदर बाईसमोर 'ससा' म्हणत नसत, 'ससलुं'ही नाही. अगदीच वेळ आली तर 'लांबकान्या' म्हणायचं. नाहीतर बाळाचा ओठ तसाच फाटतो, असं सासूनं तिला बजावून ठेवलं होतं. आणि पोटुशी असताना तिनं तर कापूस वेचता वेचता सशाचं पिल्लू चक्क ओंजळीत घेतलं होतं! मूठभर जीव, अंगभर लव, डोळे टक्क उघडे. एका बोटानं तिनं त्याचा फाटका ओठही चाचपून पाहिला होता. हे तिनं मगनला, नवऱ्यालासुद्धा सांगितलं नव्हतं.

पोरीला दूध ओढता येईना. ओठांची पकड बसायची नाही, सगळं गालावरून ओघळायचं.

"देवनं दिनी, देवच ली जाई," अनुसयाबाई म्हणाल्या. "तू जीव नको लावू."

त्या मायेनंच बोलल्या, म्हणून जसोदाला त्यांची जास्त भीती वाटली. त्या दिवसापासून तिनं पोरीला सासूजवळ सोडलं नाही. न्हाणीत जातानाही पोर काखेत. कापसाची वात दुधात भिजवून ती थेंब थेंब पाजायची आणि प्रत्येक घोटानंतर पोरीची छाती हलते का ते बघायची.

शेतावर नवापूरकडच्या डोंगरातली हिरीबाई मजुरीला आली होती, ख्रिस्ती बाई. परसात पाणी मागायला आली आणि तिला पोर दिसली. ती मागं सरली नाही.

"चिंचपाडाना मिशन दवाखानामा डाक्टर असा ओठ टाका घाली जोडी देस," ती म्हणाली.

जसोदाला रडू फुटलं. इतके दिवस दाबलेलं बाहेर पडलं. "मी पोटुशी व्हती, नि ससाना पिल्लाले हात लावा. त्यानी माय त्याले टाकी गयी व्हई. तिनाच तळतळाट लागना माले."

हिरीबाई हसली नाही. "ससानी माय पिल्लाजोडे बसतच नही. तिना वासवर कोल्हा येस! दिवसभर दूर ऱ्हास, तिन्हीसांजले येस, दूध पाजस नि निंघी जास. ते पिल्लू टाकेल नव्हतं. नि ओठ? सगळा ससासना तसाच ऱ्हास. त्यासना कोनी फाडा?"

जसोदाची भीती काही गेली नाही. पण ती घेऊन कुठं जायचं, ते आता कळलं.

त्या रात्री तिनं दवाखान्याचं सांगितलं, तेव्हा मगननं जन्मात प्रथमच आईला न विचारता काही ठरवलं. शहाद्याहून एसटीनं नंदुरबार, तिथून रेल्वेनं चिंचपाडा. डॉक्टरांनी पोरीला तपासलं आणि सांगितलं, अंगात बळ येऊ द्या, उन्हाळ्यात आणा. चमच्यानं कसं पाजायचं ते नर्सनं दाखवलं.

उन्हाळ्यात पोरीला ऑपरेशनसाठी आत नेलं आणि दार लागलं. जसोदा व्हरांड्यात भिंतीला टेकून बसली. आतून रडणं ऐकू येत होतं. मग तेही थांबलं.

"रडनं काबर थांबनं?" तिनं मगनचा दंड घट्ट धरला. "सांगा ना, काबर थांबनं?"

मगन उठून बंद दाराला कान लावून उभा राहिला.

पोर बाहेर आली तेव्हा ओठावर काळे टाके होते. पोरीनं ते ओरबाडू नयेत म्हणून कोवळ्या कोपरांना पुठ्ठे बांधलेले.

"माशी बसू देऊ नका," नर्स म्हणाली.

बाकी काही जसोदाच्या डोक्यात शिरलं नाही. ती पंख्यानं वारा घालत राहिली. मगन जेव म्हणाला, ती जेवली नाही. पड म्हणाला, पडली नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी अनुसयाबाई आल्या. आयुष्यात कधी रेल्वेत न बसलेल्या त्या, पुतण्याला घेऊन इतक्या लांब आल्या. खाटेशी उभ्या राहून त्यांनी नातीकडं बराच वेळ पाहिलं. मग हात पुढं केला.

"दे इकडे पंखा. तू निज."

जसोदानं पंखा छातीशी धरला. "माशी बसी जाई."

"बसाव नही. मी शे ना."

डोळे तर मिटतच होते. जसोदानं पंखा दिला, खाटेच्या कडेला डोकं टेकलं आणि पोरीचं इवलंसं पाऊल मुठीत धरलं. ती झोपली, पण मूठ काही सैल झाली नाही.

अनुसयाबाईंनी ती मूठ पाहिली. त्या वारा घालत राहिल्या.