लांब बाह्या

फ्रीजमधून काढलेल्या इंजेक्शनवर दव धरलं होतं – जाडसर पेनाएवढी ती वस्तू टेबलावर पडलेली, आणि तिचा गारठा उतरायची वाट बघत रंगारी बसलेला. एवढीशी ही... आणि हिला आपण इतकी वर्षं भ्यायलो?

गेल्या काही महिन्यांच्या इंजेक्शनांनी कोपरं आता स्वच्छ होती. जिथे सोरायसिसचे लाल चट्टे असायचे, अंथरूण झाडलं की कोंडा पडायचा, तिथे नुसती कातडी – कुणाचीही असते तशी.

मुलगी शाळेत होती तेव्हाच डॉक्टरीणबाईंनी हे बायोलॉजिक, म्हणजे सुईने घ्यायचं नवं औषध सुचवलं होतं. माहितीपत्रकावर जंतुसंसर्ग, क्षय असले शब्द दिसले, आणि तो उठलाच.

"धोका अजिबात नाही असं नाही म्हणत मी," त्या म्हणाल्या, "म्हणून तर आधी क्षयाची तपासणी करायची, मध्ये ताप आला तर मला कळवायचं. पण गंभीर काही होणं क्वचितच. तुम्ही काम काय करता?"

"रंगारी आहे. उंच इमारतींचा."

"कमरेला पट्टा बांधता?"

तो हसला होता. सोबत आलेली बायको हसली नाही. "पाचव्या मजल्यावर एका हाताने लोंबकळतील, आणि सुईला घाबरतात!"

त्या रागात घरी येताना तिला मागे बसवून त्याने गाडी दामटली होती – हेल्मेट दोघांनाही नव्हतं – आणि त्यात काही धोका आहे, हे मनातसुद्धा आलं नव्हतं. रोजचं मरण रोजचं म्हणून दिसत नाही... नवं तेवढं दिसतं.

मग भर उन्हाळ्यातही लांब बाह्या. हा आजार कुणाला लागत नाही, हे पक्कं ठाऊक असूनही, मुलगी गळ्यात पडायला आली की तो अंग चोरायचा – "लांब हो, कोंडा कपड्यांना लागेल" – आणि ती व्हायची लांब. औषध न घेतल्याचे परिणाम कुठे छापलेले नसतात.

त्याने मांडी पुसली, नळी टेकवली. खट्. संपलंसुद्धा.

माहेरी आलेली मुलगी चहा घेऊन आली. कप तिने टेबलावर ठेवला, कपाचा कान त्याच्याकडे वळवला, आणि हात मागे घेतला – अगदी सहज.

"हातात दे ना गं."

"असू दे बाबा, तुम्हाला आवडत नाही ना."

ती वळली. तो तिच्या पाठीकडे बघत राहिला. इतकी वर्षं त्याला वाटत आलं होतं, पोरीला आपली किळस येते... किळस कसली? ती त्याला सांभाळत होती. दप्तर पाठीवर होतं तेव्हापासून, त्याला अवघडल्यासारखं होऊ नये म्हणून, ती लांब उभी राहत आली होती.

"काही म्हणालात?" तिने दारातून विचारलं.

"नाही," तो म्हणाला. आणि ह्या सांभाळण्यातून तिला आता मोकळं कसं करायचं, कुठून सुरुवात करायची, हे त्याला सुचेना.