पुरवणी

सर्जननी संपादकांच्या मोठ्या आतड्यातली गाठ वीतभर आतड्यासकट काढली आणि उरलेली दोन टोकं जोडून दिली. "सांधा झकास बसलाय," ते म्हणाले. संपादकांना त्यात नवल वाटलं नाही. मधला सडका मजकूर कापायचा आणि सांधा कुणाला कळू द्यायचा नाही, हेच काम त्यांनी हयातभर केलं होतं. फरक एवढाच, की लेखाला त्यानंतर जेवावं लागत नाही.

संपादकांना जेवण जाईना. चार घास खाल्ले की पोट गच्च. म्हणून आहारतज्ज्ञ बाईंनी प्रथिनांच्या पावडरचा डबा लिहून दिला. पाण्यात कालवायची आणि प्यायची.

"याला पूरक आहार म्हणतात, काका."

"म्हणजे पुरवणी," संपादक म्हणाले. एका दैनिकाची रविवारची पुरवणी ते निवृत्त होईपर्यंत काढत होते. पुरवणीचं घरोघरी काय होतं, हे त्यांना चांगलं ठाऊक होतं. तिच्यावर भाजी निवडतात.

बाई हसल्या नाहीत. "वजन आणखी उतरलं तर केमो सुरू करता येणार नाही. एक तारीख पुढे गेलीच आहे. फार लांबवणं बरं नाही."

बायकोनं ते वाक्य पदराला गाठ मारावी तसं लक्षात ठेवलं. संपादकांनीही ठेवलं, पण चेहऱ्यावर दिसू दिलं नाही.

दुसऱ्या दिवशी मेहुणा आणखी एक डबा घेऊन हजर. त्याची व्यायामशाळा होती आणि जगातले सगळे प्रश्न पावडरीनं सुटतात असं त्याचं मत होतं. डब्यावर एका माणसाचा फोटो होता. त्या माणसाला आतडी असावीत, मान मात्र नव्हती.

"भावोजी, महिन्याभरात असे होता की नाही बघा!"

"मग शर्ट कुठून आणायचे?" बायको म्हणाली आणि तो डबा माळ्यावर गेला.

"बरं, आज झाली का साफ?" मेहुण्यानं मोठ्यांदा विचारलं.

हा प्रश्न आता सगळेच विचारत. ज्या माणसाला लोक अग्रलेखाबद्दल मत विचारायचे, त्याला शेजारीपाजारी जिन्यात गाठून शौचाबद्दल विचारत होते. संपादक "उत्तम" म्हणत. वर्तमानपत्रात राहिल्यामुळे सपशेल खोटं ठाम आवाजात सांगणं त्यांना जड जात नसे.

खरी गोष्ट अशी, की पहिल्याच दिवशी त्यांनी पेला उचलला, नाक दाबलं आणि उभ्याउभ्या एका दमात रिकामा केला. थोड्याच वेळात पोटात कळ आली, घाम फुटला आणि संडास गाठेपर्यंत उशीर झाला. पायजमा त्यांनी स्वतः धुतला. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी ते म्हणाले, "ठेव तिथं, पितो नंतर."

बायको परत आली तेव्हा पेला भरलेलाच होता. फेकवेना, म्हणून तिनं पिऊन टाकला. मग ते रोजचंच झालं. ते काही विचारत नव्हते, ती काही सांगत नव्हती, आणि घराचं एकूण वजन तेवढंच राहिलं.

तपासणीच्या दिवशी संपादकांनी भर उन्हात कोट घातला.

"कोट काढा, काका," बाई वजनकाट्याजवळून म्हणाल्या.

"थंडी वाजते."

बायकोनं कोट काढून खुर्चीवर टाकला. तो खुर्चीवर आपटला तो धप्प आवाज करून. बाईंनी खिशात हात घातला, तर पितळेचं पेपरवेट निघालं. दुसऱ्या खिशात त्याचा जोडीदार होता.

कोटाशिवाय वजन उतरलेलं होतं.

"पावडर घेता ना?"

"नियमित."

"मी पिते," बायको म्हणाली. "दोन किलो वाढलेत माझे. ते यांच्या नावावर लावता येतील का?"

बाईंना हसू आलं, पण बायकोला आलं नाही. ती संपादकांकडे वळली. "अहो, तुम्हाला जगायचं नाहीये का? नसेल तर तसं सांगा. मी उगीच रोज कालवत बसते."

संपादकांनी पेपरवेटकडे पाहिलं. मथळा सुचत नव्हता.

"पोटात ठरत नाही गं," शेवटी ते म्हणाले. "प्यायलं की सगळं वाहून जातं. एकदा तर दारापर्यंतही पोचलो नाही. तुला सांगितलं असतं तर संध्याकाळी तुझ्या भावाला कळलं असतं. दुसऱ्या दिवशी सगळ्या जिन्याला."

आपण सांगितलं असतं, हे बायकोलाही ठाऊक होतं.

"पिता कसं?" बाईंनी विचारलं.

"पितात तसं. नाक दाबून, एका घोटात. लहानपणी आईनं एरंडेल पाजलं तसं."

"काका, एवढं गोड आणि दाट एकदम आत गेलं तर धडधाकट माणसाचंही पोट बिघडेल. आणि तुमचं तर नुकतंच शिवलंय. पातळ करा, गार करा आणि बसून घोट घोट प्या. एका पेल्याला तासभर लागू दे. तरीही झालं तर लपवू नका, मला फोन करा. पावडर बदलता येते. आठवड्यानं या, मग डॉक्टरांशी बोलू."

घरी दोघं टेबलाशी बसली. पहिल्या घोटाला संपादक म्हणाले, "ओल्या पुठ्ठ्याला व्हॅनिलाचा वास येतोय."

"पुठ्ठा खाल्लाय कधी?"

"उपसंपादक असताना डबा द्यायला विसरायचीस तेव्हा."

फोन वाजला. मेहुणा. बायकोनं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "त्यांचं पोट त्यांना विचार. आणि त्यांनाही विचारू नकोस." फोन ठेवून ती पुन्हा समोर येऊन बसली. पेला अजून अर्ध्यावरही आला नव्हता. ती उठली नाही.

आठवड्यानं काटा फार काही पुढे सरकला नाही, पण मागेही गेला नाही. बाई आत जाऊन डॉक्टरांशी बोलून आल्या. "सोमवारी पहिली केमो."

बाहेरच्या बाकावर संपादक खाली बसले. बायको शेजारी टेकली.

"आता खरी भीती वाटतेय," ते म्हणाले.

"मलाही," ती म्हणाली. "भूक लागलीये का?"

संपादकांनी नीट विचार केला. "लागल्यासारखी वाटतेय. नक्की सांगता येत नाही."

"मग बसू इथंच थोडा वेळ. कळेल."