वातीचं तोंड

उत्तराने लॅपटॉपवरचा नकाशा बंद केला, परत उघडला आणि कपाळाला हात लावला. पाच वाजता शोधनिबंध पुण्याला सरांकडे जायचा होता आणि अंबिकाआत्याला वाती वळायला नेमकी तिच्या शेजारचीच जागा हवी होती. बाकी घर काय ओस पडलं होतं?

तीन वर्षं ती दीर्घिकांचे महापुंज मोजत होती. कुठला गोल, कुठला चपटा, कुठला लांबट. तिचे बहुतेक लांबट निघाले होते, आजवर कुणी सांगितले त्याहून कितीतरी जास्त लांबट. सगळी पीएचडी त्यावरच उभी होती. आणि गंगाखेडात येणारा-जाणारा विचारायचा, आभाळ मोजून नोकरी कुठं लागते? उत्तरं देऊन ती वैतागली होती.

आत्या वीस वर्षं देवळात दिवे लावत आली होती. हातातला कापूस तसाच धरून ती चष्म्यावरून पडद्याकडे बघत राहिली.

“ह्या वाती कशाच्या गं?”

वाती नाहीत, महापुंज आहेत, एकेकात आपल्या आकाशगंगेसारख्या हजारो दीर्घिका, उत्तराने दात आवळून सांगितलं. आणि मधला ठिपका म्हणजे आपण.

“मग समद्यांची तोंडं आपल्याकडंच कशी?”

“आत्या, मला काम करू दे.”

“कर की. दिव्याचं तोंड दक्षिणेला होऊ देत नाई मी, म्हणून नजर जाती.”

उत्तराला भयंकर राग आला. तरी तिने नकाशा फिरवला. वरून बघितला, बाजूने बघितला. एकूणएक महापुंज मधल्या ठिपक्यावर रोखलेला. विश्वाला आपली एवढी पडलेली नसते. दीर्घिकांच्या स्वतःच्या वेगामुळे नकाशा आपल्या दिशेने खोटाच ताणला जातो, आणि तो ताण काढणारी प्रोग्राममधली ओळ तिने दिवाळीत एका चाचणीसाठी बंद केली होती. पुन्हा चालू करायची राहूनच गेली. आकडे त्यानंतरच सुंदर यायला लागले होते.

तिने ओळ चालू केली. अर्ध्या तासात बहुतेक महापुंज आखडले, तोंडं वाटेल तिकडे झाली.

“मी वावगं बोलले का?” आत्याने विचारलं.

“नाई. ते लांबट नाईतच.”

“मग हायेत तसे लिही.”

“तसे ते सगळ्यांना आधीच माहीत आहेत, आत्या.”

तिला रडू येत होतं. पाचला दहा कमी असताना तिने सरांना कळवलं की निबंध येत नाही. खाली कारण लिहिलं: चूक माझी, दाखवली आत्याने. आणि पाठवून दिलं.